वर्गातली बारी

तळपदे मॅडमचा आवाज फार गोड होता हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल की त्या हजेरीवरून छळणाऱ्या, मुलींना टाकून बोलणाऱ्या बाई होत्या. तसल्या बाईचा मला इतका राग आलाच नसता. तसल्या बायकांना तोंड द्यायला मी नळावर शिकले होते, आमच्या चाळीत मजल्यागणिक एक तरी होतीच. मॅडम कधी आवाज चढवत नसत. कडक इस्त्रीची सुती साडी, साखळीला अडकवलेला चष्मा, आणि समोरचा बोलत असताना मान हळूहळू हलवायची सवय. एम.ए.च्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, या बाईंच्या हाताखाली शिकायला मिळतंय म्हणजे आपण नशीबच काढलं. आणि त्याच बाईंनी मला असं काही संतापवलं की अजून त्या कॉलेजवरून बस जाते तेव्हा मी तोंड दुसऱ्या खिडकीकडे करते. शेजारी बसलेली मुलगी विचारते, मम्मी काय झालं, आणि मी म्हणते, ऊन येतंय.

आम्ही लालबागला राहायचो, मसाल्याच्या दुकानांच्या पाठीमागच्या चाळीत. आई त्यातल्याच एका दुकानात मसाला भाजायला जायची. लोक मिरच्या, धणे, दगडफूल विकत घेतात, ते मोठ्या कढईत भाजून द्यायचं, मग ते डंकावर कुटायला जातं. उन्हाळ्यात डंकांची धपधप सकाळपासून सुरू व्हायची ती भिंतीतून, जमिनीतून, पाठीतून जायची. बाहेरचं कुणी आलं की दारातच शिंकायला लागे. आम्ही कधीच शिंकलो नाही. आई येताना पिशवीभर मिरच्या घरी आणायची, देठं काढायला, आणि मी तिच्यासमोर फतकल मारून बसायचे. डाव्या हातानं देठं काढायची, उजव्या हातात पेन्सिल, मांडीवर झेरॉक्सचा गठ्ठा. त्या इंग्रजी पानांवर माझ्या बोटांचे लाल ठसे उमटत. चुकून डोळ्याला हात लागला की मी बोंब मारायचे आणि आई म्हणायची, "वाच आता, डोळे धुवान वाच!" मग कुळथाची पिठी, भात आणि सुकटीची चटणी. मॅडमनी नेमलेलं सगळं मी असं वाचलं आहे, आणि नीट वाचलं आहे. हे सांगते कारण पुढं माझ्या वाचण्याबद्दलच प्रश्न येणार आहे.

मॅडमची शिकवण्याची तऱ्हा आम्हाला नवी होती. बी.ए.पर्यंत सर सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. मॅडम लेक्चर देतच नसत. दर सोमवारी एक निबंध नेमलेला असे. तो सगळ्यांनी वाचून यायचा, पण पाळी एकाची. ज्याची पाळी त्यानं निबंधाचा एका पानाचा आराखडा करायचा, त्याच्या झेरॉक्स वर्गात वाटायच्या, मॅडमच्या खुर्चीत बसायचं आणि चर्चा चालवायची. मॅडम मागच्या बाकावर जाऊन बसत. आराखड्याच्या सगळ्यात वर लेखकाचा मूळ प्रश्न, तोही आपल्या शब्दांत. खाली त्याचं म्हणणं पायरीपायरीनं, प्रत्येक पायरीखाली त्यानं दिलेला पुरावा. लेखक जिथं पुराव्याशिवाय पुढं उडी मारतो तिथं फुली. आणि शेवटी वर्गासाठी तीन प्रश्न, ज्यांचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येणार नाही. मला हे काम इतकं आवडायचं की दुसऱ्यांच्या पाळीच्या निबंधांचेही आराखडे मी घरी करून ठेवायचे. पहिल्या वाचनात नुसता इंग्रजीचा डोंगर दिसे. तिसऱ्या वाचनात पापलेटाचा काटा अख्खा निघून यावा तसा त्यातला सांगाडा हाताला लागायचा. त्या क्षणी माझ्याइतकं सुखी लालबागमध्ये कुणी नसेल.

वाद कसा घालायचा हे मात्र मी कॉलेजात शिकले नव्हते. ते मला घरी मिळालं होतं. माझे वडील परळच्या एका हॉस्पिटलात चादरींच्या खात्यात होते, पण चाळीत त्यांना त्या नोकरीवरून कुणी ओळखत नव्हतं. चाळीत ते सहदेव बुवा, भजनी मंडळाचे. आणि त्यांचं भजन म्हणजे साधं नव्हे, डबलबारी. ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगते. पूजेला नाहीतर उत्सवाला दोन मंडळं समोरासमोर बसतात, दोन पेट्या, दोन पखवाज. एक बुवा आपल्या बारीत अभंग गातो, गवळण गातो, आणि गजरात समोरच्या बुवाला नाव घेऊन सवाल टाकतो, टोमणे मारतो. तुझा सूर मांजर चेंगरल्यासारखा, तुझी पेटी उसनी, तुला पुराणातलं अमुक कळलेलं नाही. मग समोरच्याची बारी. त्यानं आधी तो सवाल अख्खा परत म्हणायचा, काटछाट न करता, आणि मग उत्तर द्यायचं, वर आपला सवाल ठेवून. लोक पोट धरून हसतात. बारी संपली की दोघे बुवा एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि एकाच बशीतले वडे खातात. लहानपणापासून मी हे पाहत होते. ज्याला टोमणा बसला तो मोठा, असाच माझा समज होता.

एकदा बाबा तापातून नुकतेच उठले होते आणि बारी होती घाडी बुवांशी. घाडी बुवा म्हणजे लालबागपासून करी रोडपर्यंत ज्याच्या जिभेला लोक भ्यायचे असा माणूस. त्या संध्याकाळी ते बाबांना काहीच लावून बोलले नाहीत. सवाल सोपा टाकला, गजर गोड गायला, वर लोकांना म्हणाले की बुवांची तब्येत बरी नाही, सांभाळून घ्या. बाबा घरी आले ते टोपी खुंटीला न लावता तसेच भिंतीकडे तोंड करून बसले. आईनं ताट वाढलं, तर ताट सरकवलं.

"काय झाला?" आईनं विचारलं.

"त्या घाड्यान आज माझ्यार दया केल्यान! एक शबूद वायट बोलाक नाय. मी काय मेलंय?"

"बरा झाला," आई म्हणाली, "तेवढीच शांतता," आणि तिनं ते ताट मला दिलं. बाबा पुढचे कितीतरी दिवस घाडी बुवांशी बोलले नाहीत. मला तेव्हा त्यात काही विचित्र वाटलं नाही, आजही वाटत नाही.

वर्ष सुरू होताना मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि माझ्या चिठ्ठीत निघाला तो निबंध नेमका गिरणगावच्या चाळींवरचा. मला इतका आनंद झाला की मी कॅन्टीनमध्ये आमच्या गटाला चहा पाजला. निबंधाचा सूर असा होता: गिरण्या बंद पडल्या, गेटावर भांडणारी माणसं हळूहळू गप्प झाली आणि भजनाला बसायला लागली. भजन म्हणजे या माणसांचं दुखणं दडपणारी गोळी. लेखक हुशार होता, भाषा सुरेख होती, आणि मधेच एका ठिकाणी त्यानं अशी उडी मारली होती की मी वाचतानाच पेन्सिलीनं भलीमोठी फुली काढली. माझ्या पाळीला अजून बराच अवकाश होता, तरी मी आराखडा करायला घेतला. आणि मग एका सोमवारी वर्ग सुटल्यावर मॅडमनी मला थांबवलं. शेजारी मिथिला उभी होती.

मिथिला गिरगावची. वकिलांचं घराणं, वाडीतलं जुनं मोठं घर. वाईट मुलगी अजिबात नव्हती. डब्यातली शेवटची पुरणपोळी मला द्यायची आणि मला वैशू म्हणायची.

"वैशाली," मॅडम म्हणाल्या, "तो चाळींवरचा निबंध आपण मिथिलाला देऊ या का?"

"का मॅडम? माझ्या चिठ्ठीत आलाय."

"हो, पण मी विचार करत होते. तू त्या विषयाच्या फार जवळ आहेस ना. विश्लेषणाला थोडं अंतर लागतं. आणि मला तुझ्याकडून त्याहून मोलाचं काहीतरी हवंय. मिथिला मांडणी करेल, तू आम्हाला अनुभव सांग. जे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही ते."

मान हळूहळू हलत होती. हे त्या माझं कौतुक म्हणून बोलत होत्या, आणि तिथंच तर सगळी आग आहे. कारण त्याआधी दोनच सोमवार झाले होते, जेव्हा मिथिलानं गिरगावच्या जुन्या पांढरपेशा घराण्यांवरचा निबंध मांडला होता. तिच्या पणजोबांच्या पिढीचं, तिच्याच वाडीचं वर्णन होतं त्यात. वर्गात तिनं घरचा एक जुना फोटोसुद्धा फिरवला होता. तेव्हा कुणाला अंतर आठवलं नाही! तेव्हा ती विषयाच्या जवळ होती म्हणून तिची मांडणी सखोल ठरली. मी जवळ होते म्हणून मी मांडणीलाच नालायक. तिनं विचार करायचा आणि मी माझी चाळ उघडून दाखवायची. हे सगळं मी तिथल्या तिथं म्हणाले का? म्हणाले. जसं सुचलं तसं, अर्धं मराठीत, अर्धं मोडक्या इंग्रजीत, आणि आवाज टिपेला. मिथिला म्हणाली, "वैशू, मला नको ते रीडिंग, तूच घे ना." आणि मॅडम म्हणाल्या, तुझ्या भावना मला समजतात. मग त्यांनी तोडगा काढला. निबंध दोघी मिळून करा. मिथिला आराखडा मांडेल, तू तिला प्रतिसाद दे.

मॅडमच्या मनात काय होतं कोण जाणे. मी मात्र ऐकलं ते एवढंच की समोर मिथिला बसणार, आधी तिची बारी, मग माझी. घरी जाताना माझा राग निम्मा उतरला होता. मी आईसमोर बसून माझा वेगळा, पूर्ण आराखडा केला, पानाच्या दोन्ही बाजू भरून. मिथिला कुठली पायरी कशी मांडेल हेही बाजूला लिहून ठेवलं. आईनं मिरच्या पाखडता पाखडता विचारलं, "कॉलेजात भांडूक जातंस काय गो?" बाबा मात्र खूश झाले. कानाला हात लावून म्हणाले, "पयलो तेचो सवाल आख्खो घे. कापू नको. कापलंस तर लोक तुकाच हसतले."

त्या सोमवारी मिथिलानं आराखडा सुरेख मांडला. पायऱ्या नेटक्या, अक्षर टाइप केल्यासारखं, शेवटचे प्रश्नही बरे. फक्त लेखकाची ती उडी तिला दिसली नव्हती. मग मी उठले. तिचं म्हणणं मी आधी अख्खं घेतलं, तिनं मांडलं होतं त्याहून चांगलं मांडलं, असं मला अजून वाटतं. आणि मग सुरू झाले.

"मिथिलाताई, तुमची तिसरी पायरी म्हणते की माणसं गप्प झाली म्हणून भजनाला बसली. पुरावा काय? लेखकमहाशय गणपतीत चार घरांत बसले आणि भजन चालू असताना कुणी गिरणीबद्दल बोललं नाही. अगं, भजन चालू असताना कोण बोलेल? तुमच्याकडे सत्यनारायणाची कथा चालू असताना तुझे पप्पा कोर्टातली केस सांगतात काय?"

वर्ग हसला. मला वाटलं, जमतंय.

"लेखकाला झांजा ऐकू आल्या, शब्द नाही आले. ज्याला तो गोळी म्हणतो त्यात दोन माणसं एकमेकांची सालटी काढत असतात. गेटावरचं भांडण बंद नाही पडलं, ते चाळीत येऊन बसलं. हे लेखकाला दिसलं नाही ते एक असो, तो परका. पण तू तर इथली. तू लालबागला कधी उतरलीस? गणपतीच्या रांगेत! ती पण व्हीआयपी!"

आता कुणी हसलं नाही. मला ते कळायला हवं होतं, पण मी रंगात आले होते. मी माझे तीनही प्रश्न एकापाठोपाठ टाकले, शेवटी "दे उत्तर" म्हणाले आणि खाली बसले. आता मिथिला उठेल, माझ्या इंग्रजीची टर उडवेल, मला कुठंतरी पकडेल, याची मी खरोखर आतुरतेनं वाट पाहत होते. मला उत्तर हवं होतं. पूर्ण वर्गासमोर, माझं नाव घेऊन, झणझणीत.

मिथिलाचे डोळे भरून आले. "सॉरी वैशू," ती म्हणाली, "मला खरंच कल्पना नव्हती. तुमच्या लोकांचं दुःख मी समजून घ्यायला हवं होतं."

"दुःख?" मी म्हटलं. "मी दुःख कुठं म्हटलं? मी तिसऱ्या पायरीबद्दल बोलतेय."

तेवढ्यात मागच्या बाकावरून मॅडम उठल्या, माझ्याजवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थँक यू, वैशाली. हे असं सगळ्यांसमोर बोलायला फार धैर्य लागतं. हा राग आपण सगळ्यांनी ऐकून घ्यायला हवा. मला वाटतं, आपण एक मिनिट शांत बसू या." आणि सगळा वर्ग खरंच माना खाली घालून शांत बसला. कुणी मेलं नव्हतं. मी एका निबंधाच्या एका पायरीचा पुरावा मागितला होता. त्या शांततेत मला वाटत होतं की आता उठून बाक उलटा करावा. मी काही केलं नाही. तास संपला. बाहेर पडताना तीन जणांनी माझा हात हातात घेऊन दाबला.

हे लिहिताना मी आत्ताही दात खाते आहे, हे मला कळतं. माझ्या वयाच्या बाईनं एव्हाना हसून सोडून द्यायला हवं. पण सोडणार कसं? आता मी स्वतः शिकवते, माझ्या नावावर दोन पुस्तकं आहेत, आणि तरी रविवारी सकाळी जुन्या मुंबईतून पायी फेऱ्या काढणारी मंडळी मला फोन करतात. मिल होती त्या जागी आता उभ्या असलेल्या काचेच्या इमारतीसमोर उभं राहून गिरणगावचा इतिहास सांगायला कुणी दुसराच असतो. मला म्हणतात, मॅडम, तुम्ही फक्त अनुभव सांगा, अगदी आतून. तुमच्या चाळीतला आवाज, वास, असं काहीतरी. मी विचारते, मानधन इतिहासवाल्याइतकंच ना? मग पलीकडून फोन लवकर ठेवला जातो. अनुभवाशी कुणी वाद घालत नाही. त्याला नुसती मान डोलावतात, आणि मान डोलावून झाली की पुढच्या मुद्द्याकडे जातात.

त्या सोमवारनंतर महिनाभरानं आमचे मार्क फळ्याशेजारी लागले. मी पहिली. मिथिलाच्याही वर. आराखडे परत मिळाले तेव्हा मी आधी मिथिलाचा पाहिला. लाल पेननं भरलेला होता. 'कशावरून?' 'हा पुरावा पुरेसा आहे का?' 'ही उडी तुला दिसली नाही?' माझ्या कागदावर डाव्या कोपऱ्यात एकच ओळ होती: 'फार हेलावून टाकणारं.' बाकी पूर्ण पान कोरं. मागच्या बाजूला लाल शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. मी तो कागद घेऊन तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, हे मार्क मला नकोत."

"कमी वाटतात का?" त्यांनी हसून विचारलं.

"जास्त वाटतात. माझे तिन्ही प्रश्न मागच्या बाजूला आहेत. तुम्ही पान उलटलंच नाहीत."

"वैशाली, तुझी पार्श्वभूमी लक्षात घेऊन मला असं वाटलं की..."

"पार्श्वभूमी राहू द्या! पान वाचा. मिथिलाच्या कागदावर जागा उरलेली नाही इतकं तुम्ही लिहिलंय, आणि माझ्यावर एक फुली नाही. मी काय एवढी बरोबर आहे? एकाही ठिकाणी चुकले नाही मी?" माझा आवाज इतका चढला होता की बाहेरच्या क्लार्कनं दार ढकलून डोकावून पाहिलं. मॅडमनी त्याला हातानं जा म्हणून खुणावलं. मला रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून मी आणखी जोरात बोलत होते. "मला कमी द्या, नापास करा, पण वाचून करा."

त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. मग चष्मा लावला, लाल पेनचं टोपण काढलं आणि वाचायला लागल्या. मी उभीच. पहिल्या बाजूला दोन ठिकाणी त्यांनी खुणा केल्या. पान उलटलं. आणि मग त्यांची ती मान, जी नेहमी हलायची, ती थांबली.

"हे काय लिहिलंयस? 'चाळ गप्प झाली नाही, चाळ भांडते.' कोण भांडतं?"

"चाळ. सगळे."

"सगळे म्हणजे कोण? नावं घे."

"बाबा, घाडी बुवा, मंडळातले..."

"बायका?"

"असतात ना त्या पण."

"कुठं असतात?"

"मागं. दाराशी."

"गातात? सवाल टाकतात?"

"नाही."

"मग कुठली चाळ भांडते, वैशाली?" त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "अर्धी चाळ दाराशी मुकाट बसलीय आणि तू छातीठोक लिहितेस की चाळ बोलते! ज्या लेखकाला तू वर्गात सोलून काढलंस त्यानं निदान एक परिच्छेद बायकांवर लिहिलाय. चुकीचा असेल, पण लिहिलाय. तू तुझ्या आराखड्यात तो परिच्छेदच गाळलास. का? तुझ्या मुद्द्याला अडचण व्हायची म्हणून? हे ढिसाळ काम आहे. साफ ढिसाळ!"

त्या आवाजात गोडवा औषधालाही नव्हता. कर्कश होता, चिरका, एखाद्या नळावरच्या बाईसारखा. त्या माझ्यावर खरोखर चिडल्या होत्या. मीही चिडले. म्हटलं, बायकांना वेळ कुठं असतो, मॅडम, माझी आई दिवसभर कढईसमोर उभी असते, तुम्हाला काय माहीत. "मग ते लिही ना!" त्या ओरडल्या. "इथं कुठं आहे ते? मला माहीत नाही म्हणूनच तर लिहायचं असतं!" मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले, न विचारता. शिपाई दिवे बंद करायला आला तोवर आम्ही भांडत होतो. त्यांनी माझे मार्क खोडले आणि नवे लिहिले, मिथिलाच्या खालचे. मग पाळ्यांचा कागद काढला.

"पुढच्या सोमवारचा निबंध तू घे. बायकांच्या घरातल्या आणि बाहेरच्या कामावरचा. एकटी. माझ्या खुर्चीत बसून."

"आणि अंतर, मॅडम?"

"गप्प बस," तळपदे मॅडम म्हणाल्या.

घरी पोचले तरी मी पेटलेलीच होते. राग आता मॅडमवर होता की लेखकावर की स्वतःवर, हे मला सांगता आलं नसतं. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नव्हतं, आणि सोमवार जवळ होता. बाबा पलंगावर पेटी घेऊन आपली नेहमीची गवळण घोळवत होते. आई खाली मिरच्या घेऊन बसली होती. मी दप्तर टाकलं आणि चपला पायात असतानाच विचारलं, "आई, तू कधी बारीला का नाही बसलीस?"

बाबा हसले. "ती? तिका सुराचा काय कळता?"

आईचा हात सुपात थांबला. तिनं मान वर केली ती माझ्याकडे नाही, बाबांकडे.

"लग्नाआदी माझ्यो गवळणी आख्खो गाव ऐकी," ती म्हणाली. "माझो बापूस पेटी वाजवी आणि मी म्हणा. हय इलंय त्या दिसापासून एकान तरी इचारल्यान माका? तुमी इचारलास? तुमची ती दुसरी ओळ बारा वर्सां चुकता. बारा वर्सां मी दाराशी बसान ऐकतंय!"

बाबांनी पेटीचा भाता दाबून धरला होता. "खंयची ओळ?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"ती पेटी हय द्या," आई म्हणाली.

बाबा जागचे हलले नाहीत. मग तीच उठली, तिखटाचे हात तसेच घेऊन.